गळकी खिडकी आणि बुजवलेली भोकं

जुन्या बोटीची सरकती खिडकी गळायला लागली की बहुतेक लोक सीलंटची नळी आणतात आणि बाहेरून दिसेल ती फट बुजवून टाकतात. पुढच्या वादळी पावसात खिडकी आणखी गळते. मग दुसरी नळी येते. आमच्या बोटीच्या आधीच्या मालकाने अशा किती नळ्या रिकाम्या केल्या असतील कोण जाणे, पण चौकटींवर सिलिकॉनचे थरावर थर होते, झाडाच्या बुंध्यातली वर्षं मोजावीत तसे मोजता आले असते. आणि आतमध्ये, झोपायच्या फळीच्या वरचं प्लायवूड काळं पडून मऊ झालं होतं.

या लेखाचा विषय ती खिडकी आहे. बोट नसणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण हीच खिडकी जरा मोठ्या आकारात डोंबिवलीपासून दुबईपर्यंत आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी पॉलिमरच्या पृष्ठभागांवर संशोधन करते. कशाला काय चिकटतं आणि का सुटतं हा माझा पोटापाण्याचा विषय. दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतल्या दोघांबरोबर मी १९७४ सालच्या, नऊ मीटर लांबीच्या एका फायबरग्लासच्या बोटीत भागीदारी घेतली. 'इंग्लंडमध्ये बोट घेतली' हे ऐकायला फार श्रीमंती थाटाचं वाटतं. प्रत्यक्षात तिघांचे मिळून जेवढे पैसे लागले तेवढ्यात एक बरी जुनी गाडी आली असती. आईला फोनवर गळतीचं सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, इथल्या घराच्या खिडक्या गळतात त्या पुरल्या नाहीत का तुला?" तिचा मुद्दा तिला वाटला त्यापेक्षा जास्त शास्त्रीय होता. त्याकडे पुढे येते.

बोट असते नॉर्फोक ब्रॉड्समध्ये. इंग्लंडच्या पूर्व टोकाला, नॉरिच शहराच्या आसपास नद्या आणि उथळ तळ्यांचं सुमारे २०० किलोमीटरचं जाळं आहे. तळी अगदी नैसर्गिक दिसतात, पण ते मध्ययुगातल्या माणसांनी पीट नावाची जळाऊ माती काढण्यासाठी खणलेले खड्डे आहेत. पुढे ते पाण्याने भरले. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉइस लँबर्ट यांनी १९५० च्या दशकात तळातले मातीचे नमुने काढून हे दाखवून दिलं, तोवर बहुतेक तज्ज्ञ त्यांना नैसर्गिकच समजत होते. इथे बोटींना वेगमर्यादा आहे, तासाला ३ ते ६ मैल. म्हणजे आमच्या खिडक्यांना लाटांशी काही देणंघेणं नाही. भांडण फक्त पावसाशी, आणि पावसाला घेऊन येणाऱ्या वाऱ्याशी.

यार्डात विचारलं तेव्हा सहाही सरकत्या खिडक्या नव्या बसवण्याचा आकडा आम्ही बोटीला दिलेल्या किमतीच्या निम्म्याहून जास्त निघाला. दुसरीकडे प्लायवूडचा मऊपणा छताला आधार देणाऱ्या आडव्या भिंतीपासून दोन वीत अंतरावर येऊन पोचला होता. ती भिंत कुजली असती तर बोट दुरुस्तीच्या पलीकडे गेली असती. या वयाच्या बोटी अशाच संपतात. थोडक्यात, नव्या खिडक्या परवडत नव्हत्या आणि गळती चालू ठेवणंही. उरला मार्ग एकच, आहेत त्या खिडक्या उघडून, समजून घेऊन दुरुस्त करणं.

खिडकी कशी असते

ॲल्युमिनियमची एक चौकट. ती फायबरग्लासच्या भिंतीत कापलेल्या भोकात बाहेरून बसते आणि आतल्या बाजूने दुसरी पातळ चौकट तिला स्क्रूने आवळून धरते. चौकटीत दोन समांतर खाचा. एका खाचेत न हलणारी काच, दुसरीत सरकणारी. काच सरकावी, खडखडू नये म्हणून खाचेला आतून फेल्टसारखं मऊ अस्तर. आणि खालच्या खाचेच्या तळाला, बाहेरच्या बाजूने, दोन-तीन भोकं.

सगळी गंमत या भोकांत आहे. काच सरकायची तर तिच्या आणि चौकटीच्या मध्ये थोडी जागा हवीच, आणि जागा आहे तिथून पाणी येणारच. ज्याने ही खिडकी बनवली त्याला हे पक्कं माहीत होतं. म्हणून त्याने पाणी अडवायच्या भानगडीत न पडता त्याला खाचेत उतरू दिलं आणि भोकांवाटे परत बाहेर काढलं. खाचेची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा उंच असते ती यासाठीच. आमच्या खिडक्यांत ही आतली कड खाचेच्या तळापासून १८ मिलिमीटर उंच आहे. हा १८ चा आकडा लक्षात ठेवा.

आता वारा आणू. वारा एखाद्या पृष्ठभागावर आदळून थांबला की तिथे दाब वाढतो. त्याचं सूत्र शाळेतल्या गतिज ऊर्जेसारखंच दिसतं: हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. सेकंदाला १० मीटर वेगाच्या वाऱ्याला हा दाब सुमारे ६० पास्कल येतो. ऐकून काही बोध होत नाही, म्हणून तो पाण्याच्या उंचीत मोजू. ६० पास्कल म्हणजे ६ मिलिमीटर उंचीचं पाणी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, म्हणजे सेकंदाला २० मीटर, तासाला ७२ किलोमीटर, की दाब चौपट: २४० पास्कल, म्हणजे जवळजवळ २४ मिलिमीटर पाणी.

खाचेत पाणी साठलंय आणि बाहेरून २४ मिलिमीटरचा दाब आहे. आत केबिनमध्ये तो दाब नाही. समजा खाच आणि केबिन यांच्यामधलं अस्तर झिजून सैल झालंय. मग खाचेतला दाब केबिनइतकाच राहतो आणि भोकांच्या तोंडाशी बाहेरचा वारा पाण्याला आत ढकलत राहतो. भोकातून पाणी बाहेर पडायचं तर खाचेत ते २४ मिलिमीटरच्या वर चढायला हवं. पण आतली कड १८ वरच संपते. पाणी कडेवरून आत सांडतं, भोकं कितीही स्वच्छ असली तरी.

उलट करून बघू. आतली बाजू हवाबंद आहे आणि बाहेरची बाजू मोकळी. आता वारा भोकांतून आणि बाहेरच्या फटीतून खाचेत शिरतो आणि खाचेतला दाब बाहेरच्या इतकाच होतो. पाण्याच्या दोन्ही अंगांना सारखाच दाब. त्याला आत ढकलणारं कोणी उरत नाही, ते आपल्या वजनाने भोकातून खाली जातं. दाबातला फरक अजूनही आहे, पण तो आता आतल्या सीलवर पडतो, जिथे पाणी जवळपास पोचतच नाही.

म्हणजे घट्ट करायची ती आतली बाजू आणि मोकळी ठेवायची ती बाहेरची. सीलंटची नळी घेऊन बाहेरून फटी बुजवणारा माणूस नेमकं याच्या उलट करत असतो, आणि त्या ओघात भोकंही बुजवतो. आमच्या सहापैकी पाच खिडक्यांची भोकं सिलिकॉनने बंद होती.

ही कल्पना बोटवाल्यांची नाही, इमारतवाल्यांची आहे. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधले जी. के. गार्डन यांनी १९६३ साली भिंतींत शिरणाऱ्या पावसावर एक छोटं टिपण लिहिलं. पाणी आत यायला तीन गोष्टी एकत्र लागतात: पाणी, भोक आणि ढकलणारं बळ. भोकं कायमची बुजवणं जवळपास अशक्य, तर बळ काढून घ्या, असा त्यांचा युक्तिवाद. आजच्या उंच काचेच्या इमारतींच्या बाहेरच्या भिंती बऱ्याच प्रमाणात याच तत्त्वावर उभ्या आहेत.

आणि आता आईच्या खिडक्या. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी, खाली ट्रॅक, ट्रॅकला भोकं. बांधकामाच्या वेळी त्यात सिमेंट आणि रंग जातो, पुढे धूळ आणि कबुतरांची पिसं. जुलैत नैऋत्येकडून पाऊस आडवा आला की खिडकीखाली फडकी अंथरायची, मग दिवाळीच्या सुमाराला कोणीतरी येऊन बाहेरून सिलिकॉन मारून जातो. वरच्या मजल्यावर वारा जास्त, म्हणून गळतीही जास्त. पुढच्या भारतभेटीत एक टाचणी आणि जुना दातांचा ब्रश घेऊन पश्चिमेकडच्या खिडकीचा ट्रॅक तपासून बघा. भोकं सापडली तर मला कळवा.

भोकाचा आकार

भोकं मोकळी केली म्हणजे काम झालं असं मलाही वाटलं असतं, पण आमच्या एका खिडकीची भोकं ३ मिलिमीटरची होती आणि ती स्वच्छ असूनही पाणी धरून ठेवत होती. कारण पृष्ठताण. छोट्या भोकाच्या तोंडाशी पाण्याचा फुगवटा तयार होतो आणि तो फुटेपर्यंत पाणी पडत नाही. गणित सोपं आहे: ३ मिलिमीटरच्या भोकावर जवळजवळ १० मिलिमीटर उंचीचं पाणी नुसतं लटकून राहू शकतं. आतली कड १८ ची. त्यातले १० असेच गेले. भोक ८ मिलिमीटरचं केलं की हा आकडा ४ च्या खाली येतो. आम्ही गोल भोकांच्या जागी कानशीने लांबट खाचा केल्या. लांबट भोकात एका टोकाने पाणी पडतं आणि दुसऱ्या टोकाने हवा आत येते, त्यामुळे निचरा अडकत नाही.

हाच पृष्ठताण दुसरीकडे उलट खेळी करतो. दोन समांतर पृष्ठभागांमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट असेल तर पाणी तिच्यात स्वतःहून जवळजवळ ३ सेंटिमीटर वर चढू शकतं. फट ०.२ मिलिमीटरची असेल तर ७ सेंटिमीटर. चौकट आणि फायबरग्लास यांच्यामधलं जुनं सीलंट सुकून सुटलं की नेमकी अशी फट तयार होते. खिडकीच्या वरच्या कडेला डाग दिसतो आणि आपण वरून पाणी येतंय असं समजतो, पण ते बाजूच्या फटीतून चढून आलेलं असू शकतं.

गळती की दव?

खिडकी उघडण्याआधी एक शंका फेडून घ्यायला हवी. बोटीत सापडणारं सगळं पाणी पावसाचं नसतं. दोन माणसं बंद केबिनमध्ये रात्रभर झोपली की श्वासातून आणि त्वचेतून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. गॅसवर चहा-भात केला तर आणखी भर: एक किलो प्रोपेन जळला की १.६ किलो पाणी तयार होतं. २० अंशांच्या हवेत घनमीटरला १७ ग्रॅम वाफ मावते, ५ अंशांना जेमतेम ७. बाहेर थंडी असताना ॲल्युमिनियमची चौकट ही केबिनमधली सगळ्यात थंड वस्तू, त्यामुळे जास्तीची वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते आणि ओघळून त्याच प्लायवूडमध्ये जाते.

ओळखायची युक्ती: बोट चार दिवस रिकामी ठेवा, पाऊस पडू द्या, आणि खिडकीखाली टिश्यूपेपरच्या पट्ट्या चिकटवून ठेवा. माणूस नाही, स्वयंपाक नाही, तरी पट्टी ओली, तर ती बहुतेक गळतीच. मग पाण्याचा पाइप घ्या, पण फवारा खालून सुरू करा आणि पाच-पाच मिनिटांनी वर सरका. वरून सुरू केलंत तर पाणी सगळ्या जागा एकदम ओल्या करेल आणि काही कळणार नाही.

पाइपची चाचणी अपुरी आहे, कारण तिच्यात वारा नसतो. म्हणून आम्ही केबिनच्या एका झरोक्यात पुठ्ठा लावून बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला, बाकीचे झरोके आणि नळ्यांची तोंडं तात्पुरती टेपने बंद केली. (शेगडी, हीटर आणि गॅसची टाकी आधी बंद, हे सांगायला नको.) दाब मोजायला इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली पारदर्शक नळी, त्यात हळदीचं पाणी, एक तोंड केबिनमध्ये आणि एक बाहेर. दोन बाजूंच्या पातळीत ६ मिलिमीटरचा फरक दिसला, म्हणजे घरबसल्या सेकंदाला १० मीटरचा वारा. पाइपने कोरडी राहिलेली तिसरी खिडकी पंखा लावल्यावर मिनिटभरात आतल्या कडेवरून सांडायला लागली. माझ्या कामाच्या ठिकाणी याहून कितीतरी महागडी उपकरणं आहेत, पण इतकं समाधान मला कशानेच मिळालेलं नाही.

जाता जाता: वादळात वाऱ्याच्या आडोशाकडचं दार उघडं ठेवलंत तर त्या बाजूचा कमी दाब केबिनमधली हवा ओढून घेतो, आणि समोरच्या खिडक्यांवरचा फरक वाढतो. 'वारा लागत नाही त्या बाजूचं दार उघडं राहिलं तर काय बिघडलं' याचं उत्तर हे.

खिडकी उघडताना

पहिला अडथळा स्क्रू. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू ॲल्युमिनियमच्या चौकटीत पन्नास वर्षं बसले होते. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये ओलावा, म्हणजे छोटी बॅटरीच. तिच्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि स्टील शाबूत राहतं. झिजलेल्या ॲल्युमिनियमचं पांढरं हायड्रॉक्साइड मूळ धातूच्या तिपटीहून जास्त जागा घेतं, त्यामुळे ते आट्यांमध्ये पाचर ठोकल्यासारखं बसतं. समुद्रावर ही झीज दूरवर पसरते. गोड्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून तिथे ती स्क्रूच्या भोकाभोवतीच एकवटते: चौकट एरवी नव्यासारखी आणि भोकांच्या कडा तेवढ्या भुसभुशीत.

जोर लावला की स्क्रूचं डोकं तुटतं. सोल्डरिंगच्या गरम टोकाने स्क्रू तापवायचा, गार होऊ द्यायचा, पुन्हा तापवायचा. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्या ओढाताणीत भुकटीची पकड सुटते. बहात्तर स्क्रूंपैकी अकरा ड्रिलने काढावे लागले. परत बसवताना प्रत्येक स्क्रूला लॅनोलिन लावलं. मेंढीच्या लोकरीतून निघणारं हे ग्रीस पाणी दूर ठेवतं आणि वर्षानुवर्षं धुऊन जात नाही.

दुसरी गोष्ट खाचेतलं अस्तर. त्यात पोलादाचा पातळ सांगाडा असतो. अस्तर ओलं राहतं, पोलाद गंजून फुगतं आणि काचेला चिमट्यासारखं धरतं. मग काच सरकवायला जोर लावावा लागतो, चौकट पिळवटते, कोपऱ्याचे सांधे उघडतात. वर अस्तरात माती आणि शेवाळ. जुन्या लँड रोव्हर गाड्यांच्या सरकत्या खिडक्यांतही असंच अस्तर असे आणि त्यातल्या शेवाळाची गाडीवाले प्रेमाने चेष्टा करतात. नवं अस्तर स्टेनलेस सांगाड्याचं आणि कृत्रिम धाग्यांचं मिळतं. ते बसवताना एक गोष्ट हमखास चुकते: खालच्या खाचेत सलग पट्टी बसवली की निचऱ्याची भोकं पट्टीखाली झाकली जातात. म्हणून खालची पट्टी तुकड्यांत कापायची आणि प्रत्येक भोकापाशी दोन बोटं जागा मोकळी सोडायची.

काच की ॲक्रिलिक

सहापैकी दोन खिडक्यांत काचेऐवजी ॲक्रिलिक होतं, आणि त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. ॲक्रिलिकला उन्हाने असं होतं असं सर्रास म्हणतात, पण ऊन एकटं क्वचितच दोषी असतं. ताणाखाली असलेल्या ॲक्रिलिकला अल्कोहोल किंवा ॲसिटोन लागलं की द्रावक लांब साखळ्यांच्या मध्ये शिरतो आणि ताण त्या साखळ्यांना एकमेकींपासून ओढतो. ताणही हवा आणि द्रावकही. ताण आला घट्ट बसवण्यातून, द्रावक आला काच पुसायच्या फवाऱ्यातून. ॲक्रिलिक साबणाच्या पाण्याने पुसावं, बाकी काही नको.

ताण कुठून येतो याचं गणित बघा. ६० सेंटिमीटरची पट्टी, हिवाळ्यातल्या पहाटेपासून जुलैतल्या दुपारपर्यंत ४० अंशांचा फरक. काच ०.२ मिलिमीटर वाढते, ॲल्युमिनियमची चौकट साधारण ०.५५, ॲक्रिलिक १.७. चौकटीत काच नेमकी बसेल असं माप घेऊन कापलेलं ॲक्रिलिक उन्हाळ्यात वाकणारच.

आम्ही दोन्ही ठिकाणी परत ५ मिलिमीटरची टफन्ड काच बसवली. सरकत्या खिडकीला काचच बरी असं माझं मत आहे: अस्तरात अडकलेली वाळू ॲक्रिलिकला काही महिन्यांत ओरखडते, काचेला तेवढं करायला कित्येक वर्षं लागतात. फक्त माप दोनदा घ्या. टफन्ड काच ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम थंड केलेली असते, तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि आतला भाग ताणाखाली असतो. त्यामुळे ती नंतर कापता येत नाही. कडेला कानस लावायला गेलात तरी हातात खडीसाखर येते.

शेवटी सीलंट

आता माझा खास प्रांत. सिलिकॉन वाईट नाही, पण त्याचा पृष्ठभाग इतका उदासीन असतो की त्यावर दुसरं फारसं काही नीट चिकटत नाही, जुन्या थरावर नवं सिलिकॉनसुद्धा भरवशाने नाही. थरावर थर देऊन उपयोग होत नाही तो यामुळे. शिवाय व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं, जे धातूला नकोच. जुनं सिलिकॉन खरवडल्यावरही त्याचा अदृश्य पापुद्रा उरतो. सँडपेपर मारल्यावर पाण्याचा फवारा मारून बघा: पाणी सलग पसरलं तर जागा स्वच्छ, थेंब थेंब झाले तर अजून घासा.

चौकट आणि फायबरग्लास यांच्यामध्ये आम्ही ब्युटाइलची पट्टी वापरली. ब्युटाइल रबर १९३७ साली स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत तयार झालं आणि टायरच्या ट्यूबसाठी नावाजलं, कारण त्याच्या साखळ्या इतक्या दाटीने बसतात की हवासुद्धा सहज पार होत नाही. पट्टीतलं ब्युटाइल कधीच सुकून कडक होत नाही. दर उन्हाळ्यात चौकट अर्धा मिलिमीटर हलणार असेल तर तिथे कडक पकडीपेक्षा असं निवांत ताणलं जाणारं काही बरं. ते हळू दबतं, त्यामुळे स्क्रू एकदम आवळायचे नाहीत. आज थोडे, उद्या थोडे, आठवड्याने परत. गडद रंगाच्या भिंती उन्हात फार तापतात, तिथे ते मऊ होऊन थोडं बाहेर येतं. लाकडी सुरीने कापून टाकायचं.

काचेजवळ पॉलिसल्फाइड मात्र चालतं, ॲक्रिलिकजवळ नाही. त्यातले घटक वर सांगितलेल्या भेगांना निमंत्रण देतात.

आतल्या बाजूला खाचेचे खालचे दोन्ही कोपरे आणि अस्तराची मागची बाजू सीलंटने हवाबंद केली. बाहेरच्या बाजूला, जिथे आधीच्या मालकाने सगळा जीव ओतला होता, तिथे काहीच लावलं नाही. माझा सहकारी दोन दिवस त्या उघड्या फटीकडे संशयाने बघत होता. मग पंखा लावला, पाइप सोडला, आणि हळदीच्या पाण्यात ६ मिलिमीटरचा फरक असताना खाचेतलं पाणी भोकांतून बाहेर टपकताना पाहून तो शांत झाला.

प्लायवूडची कापलेली कड चौकटीमागे उघडी होती. लाकूड सगळ्यात जास्त पाणी तिथूनच पितं. मऊ भाग कापून काढला, उरलेलं लाकूड पाच आठवडे हीटर आणि पंख्याने वाळवलं. ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणाऱ्या बुरशीला वाढता येत नाही, म्हणून मीटर तिथे उतरेपर्यंत कडेवर इपॉक्सी लावलं नाही. ओल्या लाकडावर इपॉक्सी म्हणजे बुरशीला छप्पर. आडव्या भिंतीपर्यंत कूज पोचली नव्हती.

खिडक्या घट्ट झाल्या की एक नवा प्रश्न उभा राहतो. इतकी वर्षं केबिनमध्ये हवा खेळती होती ती बरीचशी या गळक्या अस्तरांमुळे. ती वाट बंद झाल्यावर गॅसची शेगडी आणि हीटर कुठली हवा घेणार? कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो, आणि त्याला वास नसतो. इंग्लंडमधल्या अंतर्गत जलमार्गांवरच्या बोटींना दर ४ वर्षांनी बोट सेफ्टी स्कीमची तपासणी लागते. तिथे उघडबंद होणारी खिडकी वायुवीजनात धरत नाहीत, कायम उघडे झरोकेच धरतात. १ एप्रिल २०१९ पासून केबिन असलेल्या खासगी बोटींवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लागतो. आमचे झरोके आधीच्या मालकाने थंडीला वैतागून जुन्या मोज्यांनी बंद केले होते. मोजे काढले, जाळ्या घासल्या, अलार्म नवा आणला. केबिन पूर्वीइतकीच गार आहे, पण कोरडी.

पुढच्या हिवाळ्यात सुकाणूसमोरच्या दोन काचा. त्या सरकत नाहीत, त्यांना खाच नाही, भोकं नाहीत. तिथे सगळी भिस्त चिकटण्यावर आहे, आणि आतापर्यंतचं सगळं गणित तिथे उलटं लागतं. त्यावर वेगळा लेख लिहीन.